थोरलीवर बोट, धाकटीचं नाव

४ मार्च

टाचणीला,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहून शाई घालवत नाही. पत्र लिहायचं कारण एवढंच, की तुझा फोन आला की तो आधी धाकटीच्या हातात जातो. ती खिदळत बसते आणि माझी पाळी येईपर्यंत तुला ऑफिसातून कुणीतरी हाक मारतं. सख्खी आजी मी, आणि माझ्या वाट्याला "बरं आजी, ठेवते." चुलत आजीला सगळ्या गप्पा. पत्रात तरी तिला घुसता येत नाही.

तू दुकानासाठी केलेलं ते पान तुझ्या काकाने दाखवलं. काउंटरवर पाटीएवढा टॅबलेट उभा करून ठेवलाय. फोटो चांगला आलाय. रिळांच्या फळीवर बोट ठेवलं की दुकानाच्या वेळा, कात्रीवर ठेवलं की दर, कपडे बदलायच्या पडद्यावर ठेवलं की पत्ता. गिऱ्हाइकांना खेळणंच मिळालंय. बोटं त्यांची, काच पुसायची मी.

मधोमध आम्ही दोघी जावा, मांडीवर तो करडा कोट पसरून. जिच्यावर बोट ठेवावं तिची माहिती येते आणि खाली "हिच्याकडूनच काम हवं" असं येतं. ते दाबलं की काका चिठ्ठी लिहून तिच्या खिळ्याला लावतो. दुकान निघालं तेव्हापासून दोघींचे दोन खिळे आहेत, तुला माहीत आहे. तर आता धाकटीचा खिळा ओझ्याने वाकायला आलाय आणि माझ्या खिळ्यावर कोळ्याने घर बांधायला हरकत नाही.

मग मी वाचलं तू काय लिहिलंयस ते. तिच्याबद्दल, "धाकटी. रफू. हात इतका हलका की भोक कुठे होतं तेच विसरायला होतं." आणि माझ्याबद्दल, "थोरली. कोट, अस्तर, काजं. मापात चूक नाही." मी माणूस आहे की फूटपट्टी? असं वाचून कोण येईल माझ्याकडे?

हे सगळं मी गिळलंही असतं. पण काका वाफेची मोठी इस्त्री आणतोय. ती आली की खिडकीत एकच खुर्ची राहणार. दुसरीने आत पडद्याशेजारी बल्बखाली बसायचं. काका म्हणतो, जिच्याकडे काम जास्त तिला उजेड. बोलणं सरळ आहे, त्यामुळे भांडताही येत नाही. तुझ्या बापाला दात यायच्या आधीपासून मी त्या खिडकीत बसतेय. तेव्हा माझा मजकूर बदल, आणि लवकर बदल.

आजी


९ मार्च

आजी,

मजकूर बदलला. आता तुझ्याबद्दल असं येतं: "थोरली. हिने शिवलेला कोट घालणारा थकतो, कोट थकत नाही." आवडलं नाही तर कळव, पण फूटपट्टी म्हणू नकोस.

पण मला नाही वाटत शब्दांमुळे गिऱ्हाईक पळालं. तुला हे कसं केलंय ते सांगते, म्हणजे तुझा संशय जाईल. फोटो हा एकच सपाट तुकडा असतो. त्यात आजी कुठे आणि रिळं कुठे हे कॉम्प्युटरला काही कळत नाही. तू कापडावर खडूने खुणा करतेस ना, तसं मी प्रत्येक गोष्टीच्या कडेने बिंदू देत जाते. प्रत्येक बिंदूचं माप असतं, डावीकडून किती आणि वरून किती. सगळे बिंदू जोडले की बंद आकार होतो. त्या आकारात कुठेही बोट पडलं की त्याचं पान उघडतं. मग हे आकार एकाखाली एक लिहून ठेवायचे. बस, एवढंच.

धाकटी आजीला खूप बिंदू लागले, कारण ती वाकून बसलीय, कोपर बाहेर, त्यात कोटाच्या घड्या. तू आपली ताठ बसलेली. तुझ्यासाठी सरळ पेटी पुरली. पेटीला दोनच कोपरे सांगावे लागतात, वरचा डावा आणि खालचा उजवा.

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी म्हणाली, फोटोचे असे तुकडे पाडणं आता कुणी करत नाही, जुनं झालं. मी म्हटलं, आमच्या दुकानात सगळंच जुनं आहे, शोभतं.

तुझी,
टाचणी


१४ मार्च

टाचणे,

दोन कोपरे. धाकटीच्या कडेकडेने तू मुंगीसारखी फिरलीस आणि मला दोन कोपऱ्यांत उरकलंस. सामानाच्या खोक्यालासुद्धा आठ असतात.

मी ताठ बसते ही माझी चूक झाली. पुढच्या फोटोला वाकडीतिकडी बसेन.

असो. मजकूर ठीक आहे. पण तू म्हणालीस तेच खरं निघालं, घोळ शब्दांचा नाहीच. काल बसचा ड्रायव्हर आला होता, पोट सुटलेला. त्याला नवा कोट हवा होता, माझ्याकडूनच, कारण त्याच्या बापाचा कोट मी शिवला होता. काका म्हणाला, पानावरून सांगा, म्हणजे नोंद राहते. त्याने बोट ठेवलं आणि उघडली धाकटी. त्याला वाटलं हीच दुकानाची पद्धत असेल, बिचाऱ्याने निमूट "हिच्याकडूनच" दाबलं. कोटाची चिठ्ठी रफूवालीच्या खिळ्यावर.

मग मी दिवसभर शिवायचं सोडून बोटं बघत बसले. आणि एक कळलं. माणसं दुसऱ्याच्या तोंडावर बोट ठेवायला लाजतात. फोटोतल्या तोंडावरसुद्धा. हातावर ठेवतात, नाहीतर मांडीवरच्या कोटावर. दुकान बंद झाल्यावर मी स्वतःवर बोट ठेवत वरून खाली आले. केस, मी. चष्मा, मी. हनुवटी, मी. आणि पुढे माझ्या पोटावर ठेवलं तर धाकटी, हातांवर ठेवलं तर धाकटी, गुडघ्यांवर धाकटी. गळ्याखाली मी सगळी धाकटी आहे.

म्हणजे ती सगळी गिऱ्हाइकं माझी होती. इतके दिवस ती माझ्या पोटावर बोट ठेवून तिच्याकडे जात होती, आणि ही शेजारी बसून गाणं गुणगुणत होती.

आणि तो कोट कुणाचा, सांग. कापला मी, अस्तर मी लावलं, काजं माझी. तिने फक्त डाव्या कोपराचं भोक बुजवायला मांडीवर ओढलाय. तेवढ्यावर तू तिला अख्खा कोट देऊन टाकलास, खाली मला असताना.

मुद्दाम केलंस असं मी म्हणत नाही. पण हात आपोआप तिकडे गेला ना? लहानपणी ताप आला की तू तिच्याच कुशीत शिरायचीस. औषध मात्र मी पाजायचं, म्हणून वाईट मी.

इस्त्री महिनाअखेरीला येतेय.

आजी


१८ मार्च

आजी,

माझंच चुकलं. ड्रायव्हरकाकांची माफी माग माझ्या वतीने.

झालं काय, की तुझी पेटी आणि धाकटी आजीचा आकार कोटापाशी एकमेकांवर चढले. दोन आकार एकमेकांवर आले की कॉम्प्युटर न्याय करत बसत नाही. लिहिताना जो वर लिहिलाय त्याला देऊन मोकळा होतो. धाकटी आजी वर होती, तू खाली. ती वर का, तर तिचा आकार अवघड होता म्हणून मी आधी काढला. तुझा सोपा, तो मागून. यात कुशीत शिरण्याचा काही संबंध नाही.

खरं सांगायचं तर तुझ्या कडेने फिरायला मी थोडी घाबरलेही. कान चुकला असता तर तू पत्र लिहिलं असतंस.

आता तुला नीट काढलंय. चष्म्याची दांडी, अंबाडा, बोटातलं अंगुस्तान, सगळं. कोट पूर्ण तुझ्यात घेतला आणि तुला यादीत सगळ्यात वर लिहिलं. धाकटी आजीकडे तिचं डोकं, खांदा आणि सुईचा हात राहिलाय. काकाला सांगितलंय, उद्यापासून तसंच दिसेल.

एक विनंती. तिला हे सांगत बसू नकोस. उगाच मनाला लावून घेईल.

टाचणी


२ एप्रिल

टाचणीला,

उशीर झाला, कारण काम. माझा खिळा भरला. काकाने शेजारी दुसरा ठोकलाय. ड्रायव्हरचा कोट झाला, पोटावर दुमड ठेवलीय, अजून सुटलं तर सोडता येईल. इस्त्री आली. खिडकीत मी.

धाकटीला तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी सांगितलं. सांगू नकोस असं तू लिहिलंस, पण ते मला जमण्यासारखं होतं का? ती सुईत दोरा ओवत होती. मी म्हटलं,

"ती गिऱ्हाइकं तुझी नव्हतीच. बोट माझ्यावर ठेवत होती."

"ठाऊक आहे," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"येऊन विचारायची ना मला, त्या चष्म्याच्या बाई कुठायत म्हणून. एक नाही, सगळीच."

"मग तोंड का नाही उघडलंस?"

"कशाला उघडू? या घरात आले तेव्हापासून सगळ्यात आधी तू. दुकानाच्या पाटीवर तू, चहाच्या कपात तू, भांडणातसुद्धा आधी तू. एकदा माझा खिळा भरला, म्हटलं भरू दे."

आणि दोरा दाताने तोडून पुन्हा कामाला लागली. बघ कशी पोटात ठेवून बसली होती. मला इतकी वर्षं वाटायचं, या घरात जळायचं काम मी एकटीच करते.

खुर्ची तिने स्वतः उचलून आत नेली. मी हात लावायला गेले तर म्हणाली, "राहू दे, मापात चूक होईल." आता बल्बखाली कापड डोळ्यांपाशी धरून रफू करते. करू दे. मी काय करणार? यादीत वर कोण ते कॉम्प्युटर ठरवतो.

तुझं काम नीटनेटकं आहे. अंबाड्याची कड छान घेतलीस.

आजी


७ एप्रिल

आजी,

सांगितलंस ना शेवटी.

धाकटी आजी फोनवर येत नाही. तीनदा केला. काका म्हणतो झोपलीय. भर दुपारी ती कधी झोपते? काय चाललंय ते खरं लिही, तू जिंकलीस एवढंच लिहू नकोस.

आणखी एक. तुझ्या कडेने बिंदू देत चष्म्यापाशी आले तेव्हा फोटो खूप मोठा करून बघावा लागला. सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत, मागे उभा असलेला काकासुद्धा. तू नाही. तू तिच्या सुईकडे बघतेयस.

टाचणी


२३ एप्रिल

टाचणे,

सुईकडे बघत होते, कारण चूक शोधत होते. सापडली नाही. तेवढ्यावरून डोळ्यांत पाणी बिणी आणू नकोस.

खरं लिही म्हणतेस, तर लिहिते. तू पत्र टाकलंस त्याच आठवड्यात धाकटी दुकानात यायची बंद झाली. पाय दुखतात म्हणे. आणि पाय दुखायला लागल्यापासून तिचा थाट बघ. समोरची बाई सूप घेऊन येते. काका जाताना विचारतो, येताना विचारतो. शेजारचा म्हातारा वर्तमानपत्र वाचून दाखवायला येतो, कारण हिला अक्षर ओळखता येत नाही, आणि ही ऐकताना अशी मान हलवते की तोही रोज येतो. मी दिवसभर मान मोडून घरी येते, तर दारात मला कुणी विचारतं का, तुमची मान कशी आहे म्हणून? मला विचारतात, "धाकट्या बाई कशा आहेत?"

मी म्हटलं रफू काय, मीही करीन. शाळेतल्या बाई एक लोकरीचं जाकीट घेऊन आल्या, कसरीने खाल्लेलं. बसले घेऊन. टाका मोजून घातला, दोरा रंगाला रंग लावून घेतला. झालं ते असं दिसत होतं, जसं पोत्याचं तोंड शिवलंय. बाईंनी उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाल्या, "असू दे." काही बोलल्या असत्या तर मी चार शब्द परत केले असते. "असू दे"ला काय उत्तर देणार? जाताना त्यांनी माझ्यामागे आत डोकावून बघितलं, ती खुर्ची रिकामी आहे का म्हणून.

घरी आले तर ही स्वयंपाकघरात, माझ्या स्टुलावर पाय ठेवून.

"पाय दुखतायत ना?" मी म्हटलं.

"दुखत नाहीत. सांगायला काहीतरी लागतं."

"मग उद्यापासून ये."

"कशाला? पडद्याशेजारी बसायला? कपडे बदलायला आलेली माणसं माझ्या अंगावर कोट टाकतात. खुर्ची समजून. एकाने तर टोपी ठेवली."

मला हसू आलं, ते मी खोकून घालवलं.

"खिडकीत दोन खुर्च्या बसत नाहीत आता," मी म्हटलं.

"बसायच्या की."

"तेव्हा इस्त्री नव्हती."

"मग इस्त्रीलाच सांग रफू करायला. शाळेतल्या बाई आल्या होत्या म्हणे."

म्हणजे बातमी आधीच घरी पोचली होती. सूपवालीने आणली असणार.

मग थोड्या वेळाने, पाय खाली न घेता, विचारते कशी, "त्या फोटोत आता माझं काय उरलंय? मला वाचून कळणार नाही, तू सांग."

मी सांगितलं. डोकं, खांदा आणि सुईचा हात.

"आणि कोट?"

"कोट माझा."

"कोपरसुद्धा?"

ते भोक मुठीएवढं होतं, टाचणे. मी तो कोट फेकायला निघाले होते. आता बोट फिरवून बघितलं तरी भोक कुठे होतं ते मला सापडत नाही, आणि कोट मी शिवलाय.

दुसऱ्या दिवशी काकाला म्हटलं, इस्त्री आत पडद्याशेजारी घे. तो म्हणाला, वायर पुरत नाही. मी म्हटलं, पुरव.

हे मी तिच्या मायेपोटी केलं असं कुणाला सांगू नकोस, तिला तर मुळीच नाही. ती घरात पाय पसरून सगळ्यांची लाडकी होऊन बसलीय आणि मी खिडकीत एकटी राबतेय, हे मला बघवत नाही. राबायचं तर दोघींनी.

आता कोटाचं तू बघ. माझ्यात राहिला तर ती येत नाही. तिच्यात गेला तर मी गळ्याखाली पुन्हा नाहीशी. अर्धा कापू नकोस. मी मोजीन, आणि तीही कुणाकडून तरी मोजून घेईल.

आजी


२८ एप्रिल

आजी,

कापला नाही. कोटाला स्वतःचा आकार दिला आणि यादीत सगळ्यात वर लिहिला, तुझ्याही वर. घड्यांच्या आत जाऊन बिंदू दिलेत, कोपरापर्यंत. त्याखाली तू पूर्ण आहेस आणि ती पूर्ण आहे. हातांवर बोट ठेवलं तर तूच येशील, बघून घे.

कोटावर बोट ठेवलं की आता दोघींची नावं येतात, आणि काम काय आहे ते विचारलं जातं. नवा कोट असेल तर चिठ्ठी तुझ्या खिळ्याला, भोक असेल तर तिच्या.

दोघींत आधी नाव कुणाचं, यावर मी बराच विचार केला आणि मग हात काढून घेतला. पान उघडलं की दर वेळी ते आपोआप ठरतं. कधी थोरली आधी, कधी धाकटी. मलाही आधी कळत नाही, त्यामुळे माझ्यावर रुसून उपयोग नाही.

शेजारी बसणारी आज माझ्या खुर्चीमागे उभी राहून बघत होती. म्हणाली, हे नाव बदलण्याचं कसं केलंस, मला शिकव. मी म्हटलं, बघू. मला फार बरं वाटलं. तुझ्यावर गेलेय मी.

टाचणी


६ मे

टाचणीला,

काकाला वायर मिळाली. इस्त्री आत गेली. आता पडद्यामागून माणसं नव्या कपड्यात घामाघूम होऊन बाहेर येतात, पण कपडे कडक दिसतात, तक्रार नाही.

खिडकीत दोन खुर्च्या बसल्या. बसल्या म्हणजे कोंबल्या. तिचं कोपर माझ्या बरगडीत आणि माझी कात्री तिच्या पदरात. शाळेतल्या बाईंचं जाकीट ती येताना त्यांच्या घरून मागून घेऊन आली, माझे टाके माझ्यासमोर उसवले, एकेक, सावकाश, अगदी मन लावून. मग तिने ते केलं. बाईंनी बघितलं आणि "असू दे" म्हणाल्या नाहीत. तिचा हात धरून उभ्या राहिल्या. मी काजं करत होते, मला वर बघायला वेळ नव्हता.

खिळे दोघींचे बरे आहेत. माझा थोडा जास्त. ती म्हणते चिठ्ठीचा कागद जाड आहे.

सकाळी दुकान उघडलं की गिऱ्हाईक यायच्या आधी काका टॅबलेट लावतो आणि आम्ही कोटावर बोट ठेवतो, आज कुणाचं नाव आधी ते बघायला. जिचं नाव आधी तिने उजेडाकडची बाजू घ्यायची, असं आमचं ठरलंय. काका म्हणतो, तुम्ही दोघी मिळून माझी काच झिजवणार. तिला वाचता येत नाही, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे.

माझं नाव आधी आलं की मोठ्याने वाचते. तिचं आलं की जरा हळू. खोटं वाचत नाही, कारण काका मागे उभा असतो.

आजी